महायुद्धं आणि फॅसिझम: इतिहासकार घड्याळ कुठून लावतात?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धासाठी एक पुस्तक जर्मनीला जबाबदार धरतं, दुसरं सगळ्यांना, तिसरं रशियाला. दुसऱ्या महायुद्धाचं खापर एकट्या हिटलरवर फोडायचं का, यावरही एकमत नाही. फॅसिझमची व्याख्या तर दर पुस्तकागणिक बदलते. एमएच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने यातलं काय धरायचं आणि उत्तरात काय लिहायचं?

पुस्तक हातात घेतलं की लेखकाचं मत पाहण्याआधी तीन गोष्टी शोधा. त्याने गोष्ट कोणत्या तारखेपासून सुरू केली? तो लिहीत होता तेव्हा कोणत्या देशाची कोणती सरकारी दफ्तरं खुली होती? आणि 'कारण' या शब्दाने तो नेमकं काय विचारतोय: युद्ध करायचं कुणी ठरवलं, युद्ध होण्याजोगी परिस्थिती कशी तयार झाली, की ते त्याच महिन्यात का पेटलं? या तिन्हींची उत्तरं मिळाली की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं खरंखुरं असतं, तिथे बाजू घ्यावी लागते.

आधी आपल्या क्रमिक पुस्तकांतल्या मांडणीबद्दल. 'दूरगामी कारणे' म्हणून लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, उग्र राष्ट्रवाद. आणि 'तात्कालिक कारण' म्हणून सारायेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. दारूगोळा साठला होता, ठिणगी पडली. पाठ करायला सोपं आहे, पण यातून काहीच उलगडत नाही. हीच चारही कारणं 1908 मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला तेव्हा होती, 1911 साली मोरोक्कोवरून झालेल्या आगादिर प्रकरणात होती, 1912-13 च्या बाल्कन युद्धांत होती. तिन्ही वेळा महायुद्ध टळलं. म्हणजे 1914 च्या जुलैत वेगळं काय घडलं हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. करारांचंही तसंच. इटली जर्मनी-ऑस्ट्रियाशी कराराने बांधलेली होती, तरी ऑगस्ट 1914 मध्ये तटस्थ राहिली. करार आपोआप कुणाला युद्धात ओढत नाहीत. करार पाळायचा की नाही हे माणसं ठरवतात.

आता वाद सुरू कुठे झाला ते पाहू. व्हर्सायच्या तहावर 28 जून 1919 रोजी सह्या झाल्या, खुनानंतर बरोबर पाच वर्षांनी. त्यातल्या 231 व्या कलमाला सर्रास 'युद्धदोषाचं कलम' म्हणतात. कलम उघडून वाचलं तर त्यात 'दोष' हा शब्दच सापडत नाही. जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी लादलेल्या युद्धात झालेल्या नुकसानीची 'जबाबदारी' जर्मनी स्वीकारते, असं ते आहे. मसुद्यामागे जॉन फॉस्टर डलेस यांच्यासारखे अमेरिकन वकील होते आणि हेतू भरपाईच्या मागणीला कायद्याचा पाया देण्याचा होता. लगेच पुढच्या 232 व्या कलमात जर्मनीची साधनसंपत्ती एवढी भरपाई करायला पुरणार नाही, हे मान्यही केलंय. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांतही असंच कलम आहे. त्यावरून तितकं रणकंदन झालं नाही.

जर्मनीत मात्र झालं. परराष्ट्र खात्याने युद्धदोषाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र विभागच उघडला, आणि 1871 ते 1914 च्या राजनैतिक कागदपत्रांचे 40 भाग 1922 ते 1927 या काळात छापून काढले. ब्रिटिश मालिका 1926 पासून येऊ लागली, फ्रेंच 1929 पासून. परिणाम सरळ होता. 1920 च्या दशकात लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या टेबलावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीटनेटका जर्मन संग्रह आला. 'सगळेच थोडेथोडे जबाबदार' हे मत त्या दशकात फोफावलं, त्यामागे हेही एक कारण आहे. संपादित दस्तऐवजसंग्रह हा पुरावा असतो आणि वकिलाची फाईलही असते. काय छापलं एवढंच पाहून भागत नाही; कुणी निवडलं आणि काय गाळलं तेही विचारावं लागतं.

पण दफ्तरं सगळं ठरवतात असंही नाही. सिडनी फे यांचे दोन खंड 1928 चे, बर्नाडॉट श्मिट यांचा ग्रंथ 1930 चा. दोघे अमेरिकन, दोघांच्या हाताखाली जवळपास तेच कागद. फे यांनी जबाबदारी वाटून टाकली आणि ऑस्ट्रियाच्या पदरात जास्त घातली. श्मिट यांनी जर्मनीवर बोट ठेवलं. त्यानंतर आले लुईजी आल्बेर्तीनी. हे पेशाने संपादक. मुसोलिनीच्या राजवटीत 1925 साली वृत्तपत्र सोडावं लागलं आणि उरलेलं आयुष्य त्यांनी जुलै 1914 वर घालवलं. हयात असलेल्या मुत्सद्द्यांच्या मुलाखती घेऊन लिहिलेले त्यांचे तीन खंड 1942-43 मध्ये इटलीत निघाले, म्हणजे दुसरं युद्ध ऐन भरात असताना. कुणाचं लक्ष जाणार? इंग्रजी भाषांतर 1950 च्या दशकात झालं. तासातासाचा क्रम लावण्यात आजही त्यांना तोड नाही.

मग फ्रिट्झ फिशर. इथे जरा थांबून वाचा, कारण परीक्षेत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

1951 साली फ्रेंच आणि जर्मन इतिहासकार एकत्र बसले आणि 1914 मध्ये कोणत्याही सरकारने युरोपीय युद्ध ठरवून घडवलं असं म्हणता येत नाही, असं त्यांनी संयुक्तपणे मांडलं. पश्चिम जर्मनीला ते सोयीचं होतं: हिटलर हा अपघात, त्याआधीचं जर्मन राज्य इतरांसारखंच. फिशर यांनी 1961 च्या ग्रंथात यालाच सुरुंग लावला. पूर्व जर्मनीत पॉट्सडामच्या दफ्तरात त्यांना एक टिपण मिळालं, चॅन्सेलर (म्हणजे जर्मन पंतप्रधान) बेथमान-होलवेग यांच्या कार्यालयातलं, 9 सप्टेंबर 1914 चं. त्यात काय होतं? फ्रान्सचा लोखंडाच्या खाणींचा ब्रिए पट्टा घ्यायचा, लक्झेंबर्ग जोडायचं, बेल्जियमला मांडलिक करायचं, मध्य युरोपात जर्मन वर्चस्वाखाली जकातसंघ उभारायचा, आफ्रिकेत सलग वसाहत करायची. फिशर यांचं म्हणणं: ही उद्दिष्टं युद्धाच्या धांदलीत सुचलेली नाहीत, हे जुनं स्वप्न आहे, आणि कैसरच्या, म्हणजे सम्राटाच्या, जर्मनीपासून हिटलरपर्यंत एक सलग रेघ काढता येते.

जर्मनीत गहजब झाला. गेरहार्ड रिटर हे ज्येष्ठ इतिहासकार पहिल्या युद्धात लढलेले, 1944 च्या हिटलरला मारण्याच्या कटानंतर नाझींच्या तुरुंगात राहिलेले; त्यांना हे देशाच्या तोंडाला काळं फासणं वाटलं. 1964 मध्ये फिशर अमेरिकेत व्याख्यानांना जाणार होते, तेव्हा परराष्ट्र खात्याने दौऱ्याचा खर्चच काढून घेतला. (खर्च अमेरिकन विद्यापीठांनी उचलला आणि व्याख्यानं झालीच.)

आता त्या टिपणाची तारीख पुन्हा पाहा. 9 सप्टेंबर 1914. युद्ध सुरू होऊन पाच आठवडे झालेले, मार्नची लढाई चालू, जर्मन सैन्य पॅरिसच्या तोंडाशी, निकाल अगदी तोंडावर. अशा क्षणी तयार झालेली मागण्यांची यादी ही युद्ध *का सुरू केलं* याचा पुरावा ठरते का? जिंकत आलेला पक्ष काय मागेल याचा तो पुरावा नक्कीच आहे. त्यापलीकडे नेण्यासाठी आधीचा कागद लागतो. फिशर यांनाही हे कळत होतं. म्हणून 1969 च्या दुसऱ्या ग्रंथात ते 8 डिसेंबर 1912 च्या बैठकीकडे गेले. कैसर, सेनाप्रमुख मोल्टके, नौदलाचा तिरपिट्झ वगैरे जमले होते. मोल्टके म्हणाला, युद्ध टळणार नसेल तर जितक्या लवकर तितकं बरं. तिरपिट्झने दीड वर्ष थांबा म्हटलं. मोठ्या युद्धनौकांसाठी कील कालवा रुंद व्हायचा होता. डिसेंबर 1912 मध्ये दीड वर्ष मिळवा: जून 1914. कालवा खरोखर त्याच महिन्यात खुला झाला.

हे वाचून अंगावर काटा येतो, आणि तिथेच फसायला होतं. त्या बैठकीला चॅन्सेलर हजर नव्हता. हजर असलेल्या अ‍ॅडमिरल म्युलरने रोजनिशीत निष्कर्ष 'जवळपास शून्य' असा नोंदवला. नंतरच्या दीड वर्षात अन्नधान्याचा साठा किंवा आर्थिक तयारी अशा ठरवून केलेल्या हालचाली फारशा दिसत नाहीत. जॉन रोल यांच्यासारखे अभ्यासक ही बैठक निर्णायक मानतात, पुष्कळ जण मानत नाहीत. माझ्या मते मोल्टकेची मनःस्थिती समजायला ती मोलाची आहे, योजना सिद्ध करायला अपुरी.

दुसरा असाच नाजूक पुरावा म्हणजे चॅन्सेलरचा विश्वासू सचिव कुर्ट रीत्सलर याची रोजनिशी. 1972 मध्ये छापली गेली. बेथमान 'अंधारात उडी' घेतल्यासारखा धोका पत्करत होता, हे चित्र बरंचसं तिथून येतं. मात्र ऐन जुलै-ऑगस्ट 1914 ची पानं वहीत बांधलेली नाहीत. सुटे कागद आहेत, आणि लिहिण्याची धाटणीही आधीच्या नोंदींहून वेगळी. ती नंतर पुन्हा लिहिली असावीत, असा आक्षेप 1980 च्या दशकात जोरात घेतला गेला. बनावट ठरवण्याइतका आधार नाही. पण केवळ या पानांवर उभा केलेला निष्कर्ष वाचताना पेन्सिलीने बाजूला खूण करून ठेवा.

ख्रिस्तोफर क्लार्क यांचं 2012 चं पुस्तक जर्मनीत प्रचंड खपलं, तेव्हा 'फिशर खोडले गेले' अशी आवई उठली. घड्याळ पाहा. क्लार्क यांची गोष्ट बेलग्रेडमध्ये जून 1903 च्या रात्री सुरू होते, सर्बियाच्या राजा-राणीची लष्करी अधिकाऱ्यांनी हत्या केली तिथून. फिशर यांची 1890 च्या दशकातल्या जर्मन 'जागतिक धोरणा'पासून. बेलग्रेडपासून सुरुवात केली की सर्बियातली गुप्त संघटना आणि तिच्या पाठीशी असलेला रशिया ठळक होतो. बर्लिनपासून सुरुवात केली की आरमार आणि वर्चस्वाची भूक ठळक होते. क्लार्क स्वतःही 'का' ऐवजी 'कसं' विचारतोय, असं सांगतात. दोन्ही पुस्तकं एकाच वेळी बरीचशी बरोबर असू शकतात.

पूर्णपणे मात्र असू शकत नाहीत, आणि हे तपासायचं तर जुलैचा महिना स्वतः मांडून पाहावा. एक आडवा कागद घ्या, पाच राजधान्यांचे पाच रकाने करा आणि तारखा भरा. 5 आणि 6 जुलै: बर्लिन व्हिएन्नाला पाठिंब्याचा 'कोरा चेक' देतं. 23 जुलै, संध्याकाळी 6: ऑस्ट्रियाचा निर्वाणीचा खलिता, मुदत 48 तास, फ्रान्सचे अध्यक्ष सेंट पीटर्सबर्गहून निघेपर्यंत तो मुद्दाम रोखून धरला होता. 25 जुलै: सर्बिया उत्तर देण्याआधीच सैन्य जमवायला घेतो, मग बहुतेक अटी मान्य करतो, पण आपल्या भूमीवर ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी तपासात भाग घेण्याची सहावी अट नाकारतो. 26 जुलै: रशियात युद्धपूर्व तयारीचे आदेश लागू. 28: ऑस्ट्रियाची सर्बियाविरुद्ध युद्धघोषणा. 29: झार सर्वंकष लष्करी जमवाजमवीच्या हुकमावर सही करून रात्री तो मागे घेतो; 30 ला पुन्हा मंजूर करतो. 1 ऑगस्ट: जर्मनी रशियाविरुद्ध. 3: फ्रान्सविरुद्ध. 4: बेल्जियमवर चढाई, ब्रिटन युद्धात.

आता प्रत्येक इतिहासकार कोणत्या रकान्यावर आणि कोणत्या तारखेवर बोट ठेवतो ते पाहा. फिशर: 5 जुलै. शॉन मॅकमीकिन: 26 ते 30 जुलै, रशियाचा रकाना. एजेपी टेलर: 30 जुलैनंतरचे दिवस, जेव्हा रेल्वेच्या वेळापत्रकांनी मुत्सद्द्यांना मागे टाकलं. माझं मत विचाराल तर 5 जुलैची तारीख सगळ्यात जड आहे. त्या दिवशी बर्लिन 'नाही' म्हणालं असतं तर पुढचे रकाने बहुधा कोरे राहिले असते. 26 जुलैला रशिया 'नाही' म्हणाला असता तर सर्बिया चिरडला गेला असता, पण चेक आधीच वटलेला होता. सगळी योजना आधीची होती, असं यातून सिद्ध होत नाही. धोका कुणी जाणूनबुजून पत्करला, एवढंच सिद्ध होतं.

लेनिनची मांडणी या रकान्यांत बसतच नाही, कारण त्याचा प्रश्नच निराळा. 1916 मध्ये झ्युरिचला बसून त्याने लिहिलं की मक्तेदारी भांडवल बाजारांसाठी जगाची वाटणी करतं आणि फेरवाटणीसाठी युद्ध अटळ होतं. जुलैमधला एखादा निर्णय समजायला ही मांडणी फार उपयोगी पडत नाही. वसाहतींवरून भांडणारे फ्रान्स आणि ब्रिटन 1904 साली एकत्रच आले. पण भारतातून दहा लाखांहून अधिक माणसं परदेशी आघाड्यांवर का गेली, मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) काय करत होत्या, याचं उत्तर युरोपच्या पाच राजधान्यांच्या रकान्यांत नाही. ते साम्राज्याच्या रकान्यात आहे. तुमचा प्रश्न 'युद्ध जागतिक का झालं' असा असेल तर लेनिनला बाजूला सारू नका.

दुसऱ्या महायुद्धाकडे वळताना लक्षात ठेवा की पहिलं मोठं अर्थनिर्णयन न्यायालयाने केलं. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या आरोपपत्रात पहिलाच आरोप आक्रमणाच्या सामाईक कटाचा होता. कट म्हटला की सूत्रधार आणि योजना शोधावी लागते. जपानी नेत्यांवरच्या टोकियो खटल्यातही 1928 पासूनचा कट मांडला गेला, आणि तिथे भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी तो भिन्न निकालपत्रात साफ नाकारला. इतिहासकारांनी पुढे जो 'हेतूवाद' मांडला, म्हणजे हिटलरने आधी ठरवलं आणि तसं केलं, त्याच्या पायाचे बरेच दगड न्यायालयाच्या आवारातले आहेत.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध दगड जवळून पाहू. 5 नोव्हेंबर 1937, बर्लिनच्या चॅन्सेलरीत सव्वाचार ते साडेआठ अशी बैठक. हजर: युद्धमंत्री ब्लोमबर्ग, भूदलाचा फ्रिच, नौदलाचा रेडर, हवाई दलाचा गोअरिंग, परराष्ट्रमंत्री नॉयराथ आणि हिटलरचा लष्करी सहायक कर्नल होसबाख. 'जीवनावकाश', म्हणजे जर्मनांना वसायला जमीन, बळानेच मिळेल, फार तर 1943-45 पर्यंत, आणि संधी मिळाली तर त्याआधीच ऑस्ट्रिया व चेकोस्लोव्हाकिया, असं हिटलर बोलला. हे इतिवृत्त नव्हे. होसबाखने पाच दिवसांनी, 10 नोव्हेंबरला, टिपणांवरून आणि आठवणीने लिहिलं. मूळ प्रत सापडत नाही. न्यायालयापुढे आली ती नकलेची नक्कल.

टेलर यांनी 1961 मध्ये याच फटींत पाचर ठोकली. त्यांचं म्हणणं: हे देशांतर्गत राजकारण होतं, शस्त्रखर्चाला विरोध करणाऱ्यांना एकटं पाडण्यासाठी केलेलं भाषण. भाकितंही चुकली, हिटलरने सांगितलेल्या प्रसंगांपैकी एकही घडला नाही आणि युद्ध 1939 मध्ये पोलंडवरून पेटलं. हिटलर हा संधिसाधू, परराष्ट्र धोरणात इतर जर्मन मुत्सद्द्यांसारखाच. पुस्तक झकास लिहिलेलं आहे, त्यामुळे विद्यार्थी त्याच्या प्रेमात पडतात.

ते कुठे चुकतं? टेलर एकेका संकटाचे राजनैतिक कागद वाचतात. अर्थकारणाचे आणि विचारसरणीचे कागद त्यांच्या टेबलावर जवळजवळ नाहीत. टिम मेसन यांनी 1964 मध्ये नेमकं हेच दाखवलं. ऑगस्ट 1936 चं चातुर्वार्षिक योजनेचं टिपण घ्या. शेवटच्या दोन ओळींत हिटलरचा आदेश आहे: चार वर्षांत सैन्य लढाईसाठी तयार, चार वर्षांत अर्थव्यवस्था युद्धासाठी सज्ज. इथे नकलेचा वाद नाही, बोलण्याचा आवेश नाही. हा खर्चाचा हुकूम आहे. शिवाय होसबाखच्या बैठकीत शंका काढणारे ब्लोमबर्ग, फ्रिच आणि नॉयराथ तिघेही फेब्रुवारी 1938 च्या पहिल्या आठवड्यापर्यंत पदांवरून गेलेले होते. (पहिल्या दोघांच्या जाण्याला वेगळी भानगडीची निमित्तं झाली, त्यामुळे 'विरोध केला म्हणून काढलं' असं थेट लिहू नका.)

हेतूवादाविरुद्धची दुसरी फळी रचनावाद्यांची. हान्स मोमसेन यांनी हिटलरला काही बाबतींत 'दुबळा हुकूमशहा' म्हटलं: एकमेकांवर कुरघोडी करणारी खाती आणि त्यातून आपोआप जहाल होत जाणारी धोरणं. इयन कर्शॉ यांनी यातून वाट काढली. 1934 मधल्या एका नाझी अधिकाऱ्याच्या भाषणात शब्द होते, 'फ्यूररच्या (म्हणजे हिटलरच्या) मनासारखं काम करणं'. वरून लेखी हुकूम न येताही खालचे लोक साहेबाला काय आवडेल ते ओळखून एक पाऊल पुढे टाकतात. सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अ‍ॅडम टूझ यांनी 2006 मध्ये परकीय चलन, पोलाद आणि शस्त्रनिर्मितीचे आकडे मांडून युद्ध 1939 मध्येच का, यावर नव्याने प्रकाश टाकला: थांबलं तर शस्त्रस्पर्धेत मागे पडू, हा हिशेब. हेतू आणि रचना यांचं भांडण आज तरी असं मिटल्यासारखं आहे की दिशा हिटलरची, वेग आणि वेळ पुष्कळशी परिस्थितीची.

हिटलरच्या मागण्या मान्य करून युद्ध टाळण्याच्या, ब्रिटनच्या अनुनयाच्या धोरणात तर दफ्तराची किल्ली अगदी उघड दिसते. 1940 मध्ये हे धोरण राबवणारे पंतप्रधान चेंबरलेन आणि मंडळी 'दोषी' ठरली आणि ते मत वर्षानुवर्षं टिकलं. मग 1967 मध्ये सरकारी कागद खुले करण्याची मुदत 50 वर्षांवरून 30 वर आली, आणि 1930 च्या दशकातल्या मंत्रिमंडळाच्या व सेनाप्रमुखांच्या फायली एकदम टेबलावर आल्या. त्यांत जर्मनी, इटली, जपान अशा तिघांशी एकाच वेळी लढण्याची भीती, रिकामी तिजोरी, चेकोस्लोव्हाकिया वाचवता येणार नाही हा मार्च 1938 चा लष्करी सल्ला. चेंबरलेनविषयी सहानुभूतीची लाट आली. 1993 मध्ये इतिहासकार पार्कर यांनी लगाम घातला: अडचणी खऱ्या, पण पर्याय होते आणि चेंबरलेनने ते जाणून नाकारले. सरकारी फाईल वाचणारा हळूहळू सरकारच्या नजरेने पाहू लागतो, हा धोका इथे नीट दिसतो. मॉस्कोचं उदाहरण याच्या उलट टोकाचं: हिटलरच्या जर्मनीशी केलेल्या 23 ऑगस्ट 1939 च्या करारातली गुप्त पुरवणी सोव्हिएत संघाने 1989 पर्यंत नाकारली.

युद्ध सुरू कधी झालं हासुद्धा अर्थनिर्णयनाचाच भाग. 1 सप्टेंबर 1939 ही युरोपची तारीख. जपानशी लढणाऱ्या चीनसाठी 7 जुलै 1937. जपानमध्ये 'पंधरा वर्षांचं युद्ध' म्हणणारे 18 सप्टेंबर 1931 पासून, मांचुरियापासून मोजतात. रिचर्ड ओव्हरी यांनीही अलीकडे 1931 पासूनच सुरुवात करून हे साम्राज्यांचं अखेरचं युद्ध ठरवलं. भारतासाठी तारीख 3 सप्टेंबर 1939: व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय पक्षाला न विचारता देश युद्धात असल्याचं जाहीर केलं.

फॅसिझमच्या बाबतीत गोंधळ जास्त आहे, कारण दोन प्रश्न एकात मिसळले जातात. फॅसिझम *म्हणजे काय*, आणि तो *सत्तेवर कसा आला*.

पहिल्या प्रश्नाचं गाजलेलं उत्तर कॉमिंटर्नचं, म्हणजे मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचं: वित्तभांडवलातल्या सगळ्यात प्रतिगामी, अंधराष्ट्रवादी आणि साम्राज्यवादी घटकांची उघड दहशतवादी हुकूमशाही. 1935 मध्ये तिचे नेते दिमित्रॉव्ह यांनी ही व्याख्या जगभर पोहोचवली. इटालियन तत्त्वज्ञ क्रोचे यांच्या लेखी फॅसिझम म्हणजे इटलीच्या उदारमतवादी इतिहासातला एक कंस, उघडला आणि मिटला. तरुण वयात गेलेले फॅसिस्टविरोधी लेखक गोबेत्ती यांच्या लेखी ते त्याच देशाचं आत्मचरित्र. रेन्झो दे फेलिचे यांनी मुसोलिनीच्या अवाढव्य चरित्रात 'चळवळ' आणि 'राजवट' वेगळ्या केल्या, आणि 1929 ते 1936 या काळात राजवटीला व्यापक संमती होती असं 1974 च्या खंडात लिहून इटलीत वादळ उठवलं. आक्षेप रास्त होता: जिथे विरोधी वृत्तपत्र नाही, पक्ष नाही, पोलिसांचे खबरे गल्लीगल्लीत आहेत, तिथे संमती मोजायची कशाने? रॉजर ग्रिफिन यांनी 1991 मध्ये गाभा काढला: राष्ट्राच्या पुनर्जन्माचं मिथक बाळगणारा अतिराष्ट्रवाद. सुटसुटीत आहे. पण व्याख्या भाषणांतून काढली की भाषणांचीच होते. रॉबर्ट पॅक्सटन यांनी म्हणून पाच टप्पे सुचवले, ज्यांत चळवळ उभी राहणं, मुळं धरणं, सत्ता मिळवणं, ती वापरणं आणि शेवटी जहाल होणं किंवा थिजणं असा क्रम येतो. फॅसिस्ट काय म्हणाले यापेक्षा कुणी त्यांच्यासाठी दार उघडलं हे त्यांना महत्त्वाचं.

दुसऱ्या प्रश्नासाठी पॅक्सटन जास्त कामाला येतात. मुसोलिनीची चळवळ 23 मार्च 1919 रोजी मिलानमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याच शहरात तिला पाच हजारही मतं पडली नाहीत. ती वाढली 1920-21 मध्ये पो नदीच्या खोऱ्यात, शेतमजुरांच्या संघटना मोडायला जमीनदारांनी पैसे आणि ट्रक दिले तेव्हा. मे 1921 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जोलित्ती यांनी आपल्या आघाडीत घेतल्यावर 35 जागा मिळाल्या. 28 ऑक्टोबर 1922 च्या सकाळी पंतप्रधान फाक्ता लष्करी कायद्याचं फर्मान घेऊन राजाकडे गेले. प्रांताधिकाऱ्यांना तारा आधीच सुटल्या होत्या. राजाने सही केली नाही. पावसात भिजलेले, अर्धवट शस्त्रधारी काळे डगलेवाले (मुसोलिनीचे स्वयंसेवक) रोमबाहेर ताटकळत होते आणि शहरातलं सैन्य त्यांना आवरू शकलं असतं. मुसोलिनी दोन दिवसांनी रेल्वेच्या रात्रीच्या गाडीने आला. 'रोमवर चाल करून सत्ता बळकावली' असं लिहिणारा विद्यार्थी फॅसिस्टांचाच प्रचार उतरवून काढत असतो.

जर्मनीचे आकडे पाठ असू द्या: नाझी पक्ष मे 1928 मध्ये 2.6 टक्के, सप्टेंबर 1930 मध्ये 18.3, जुलै 1932 मध्ये 37.3, आणि नोव्हेंबर 1932 मध्ये 33.1. शेवटचा आकडा बहुतेक उत्तरांतून गायब असतो. मतं घसरत असताना, 30 जानेवारी 1933 रोजी, माजी चॅन्सेलर पापेन आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गच्या वर्तुळाने हिटलरला चॅन्सेलर केलं, मंत्रिमंडळात त्याच्यासह फक्त तीन नाझी ठेवून. 'बेकारीमुळे हिटलर' हेही अर्धवट. युर्गेन फाल्टर यांच्या मतदान-विश्लेषणात बेकार कामगार कम्युनिस्टांकडे जास्त झुकलेले दिसतात. नाझींना भक्कम आधार प्रोटेस्टंट भागांत मिळाला, कॅथलिक भागांत बराच कमी. उद्योगपतींच्या पैशाबद्दल हेन्री टर्नर यांनी 1985 मध्ये दाखवलं की 1933 आधी मोठ्या उद्योगांचा बराचसा पैसा इतर उजव्या पक्षांकडे जात होता. त्याच वादात डेव्हिड अब्राहम यांच्या पुस्तकातल्या तळटिपांत चुकीचे उतारे आणि तारखा सापडल्या आणि त्यांची इतिहासातली कारकीर्द संपली. तळटीप ही शोभेची वस्तू नव्हे.

महाराष्ट्राशी धागा जोडायचा मोह होतो, तेव्हाही हेच दोन प्रश्न वेगळे ठेवा. नागपूरचे हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे 19 मार्च 1931 रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले, मुलांची बालिला संघटना त्यांनी पाहिली, आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी राहिली. हे त्यांच्या रोजनिशीवरून कळतं आणि मार्त्सिया कासोलारी या इटालियन अभ्यासिकेने ते 2000 साली मांडलं. प्रभावाचा पुरावा म्हणून तो वापरता येतो. अमुक संघटना फॅसिस्ट ठरते का, हा व्याख्येचा प्रश्न. त्याला एक भेट पुरत नाही, आणि एका भेटीने तो निकालातही निघत नाही.

राहिला उत्तर लिहिण्याचा भाग. 250 शब्द असतील तर पहिल्या 40 शब्दांत प्रश्नातल्या 'कारण' शब्दाचा तुम्ही घेतलेला अर्थ सांगा. दोनच इतिहासकार घ्या, सात नावांची माळ नको. प्रत्येकाचं म्हणणं एका वाक्यात आणि त्याचा मुख्य कागद तारखेसह. मग त्या कागदाची एक मर्यादा: 9 सप्टेंबर, सुटी पानं, नकलेची नक्कल. शेवटी तुमचा कौल. 'अशा प्रकारे वरील सर्व कारणांमुळे' ने सुरू होणारं वाक्य लिहून झालं असेल तर खोडा आणि त्या जागी तुम्ही कोणत्या तारखेवर बोट ठेवता ते लिहा.